धम्मयात्रा, धुके आणि गाडीतला मुक्काम

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून माणसे परत आली की आमच्या वस्तीत धम्मयात्रेचे बेत सुरू होतात. बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, श्रावस्ती, सारनाथ आणि जमले तर सीमेपलीकडे लुंबिनी. दहा-अकरा माणसे तयार होतात, वर्गणी ठरते, तुफान किंवा क्रूझर भाड्याने बोलली जाते. रेल्वेचे आरक्षण एवढ्या माणसांना एकदम मिळत नाही. मिळाले तरी कुशीनगरसाठी गोरखपूरला उतरून पुन्हा पन्नासेक किलोमीटर रस्त्यानेच जावे लागते. म्हातारी माणसे, लेकरे आणि बोचकी घेऊन प्रत्येक ठिकाणी बस बदलण्यापेक्षा आपली गाडी बरी, हा हिशेब चुकीचा नाही. उन्हाळ्यात त्या भागात लू वाहते, पावसाळ्यात नद्या फुगतात. म्हणून हिवाळा निवडतात, तेही ठीकच. शिवाय डिसेंबर-जानेवारीत बुद्धगयेला देशोदेशींचे भिक्खू आलेले असतात. ते दृश्य आपल्या लोकांनी एकदा तरी पाहावे असेच आहे.

मात्र या हिवाळ्याची तयारी आमचे लोक करीत नाहीत. 'आमच्या नागपूरलाही थंडी पडते, त्यात काय एवढे?' असे म्हणून एक शाल आणि एक स्वेटर घेऊन निघतात. पारा पाहिला तर म्हणणे खरे वाटते. नागपूरचा पाराही काही रात्री आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो. पण आपल्याकडची थंडी रात्रीची असते. सकाळी नऊला ऊन अंगावर आले की ती संपते, धुतलेले कपडे दुपारपर्यंत वाळतात. गंगेच्या मैदानात डिसेंबरअखेर आणि जानेवारीत तसे घडत नाही. धुके दुपारपर्यंत उठत नाही, कधी दिवसभर सूर्यच दिसत नाही. दिवसाही अंगात हुडहुडी राहते, हवेत ओल असते, एकदा भिजलेला मोजा दोन-दोन दिवस ओला राहतो. आपल्या शरीराला दिवसा ऊन खाऊन रात्रीची थंडी काढायची सवय आहे. तिथे ते ऊनच मिळत नाही.

दुसरी गोष्ट धुक्याची. पन्नास मीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामान खाते त्याला अतिदाट धुके म्हणते. अशा धुक्यात समोरचा ट्रॅक्टर दिवा नसेल तर अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि उसाने लादलेल्या कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतोच. तेव्हा गाडी थांबवावी लागते. बुद्धगयेला खोली आधी राखून ठेवली असली तरी वाटेत रात्री नऊला धुके उतरले की ती खोली शंभर किलोमीटरवर राहते आणि रात्र गाडीतच काढावी लागते. म्हणून आम्ही सांगतो की, मुक्कामाची सोय जरूर करावी, पण गाडीतल्या एका रात्रीची तयारी प्रत्येक यात्रेत असलीच पाहिजे.

गाडी कुठे थांबवावी, हा पहिला प्रश्न. रस्त्याच्या कडेला कधीही नाही. धुक्यात कडेला उभी असलेली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला चालती गाडी वाटते, तो तिच्याच मागे येतो आणि आदळतो. पेट्रोलपंपाचे आवार, मोठा ढाबा किंवा एखाद्या विहाराचे अंगण गाठावे. पंपावर दिवा असतो, पाणी असते, संडास असतो, चार माणसे जागी असतात. पंपवाल्याला आधी विचारावे. आम्ही 'महाराष्ट्र से आए हैं, बुद्ध भगवान के दर्शन को' एवढे सांगितले की बहुतेक ठिकाणी जागा मिळाली. एका ठिकाणी मिळाली नाही. तिथे नाव-गाव विचारून झाल्यावर आवाज बदलला. वाद घालण्याची ती वेळ नव्हती, आम्ही पुढच्या पंपावर गेलो. म्हणून अंधार पडण्याच्या आत, चार-साडेचारलाच जागा शोधायला लागावे. म्हणजे एकाने नाही म्हटले तरी दुसरीकडे जायला उजेड राहतो.

आता पांघरुणांविषयी. किती न्यावे? याचे उत्तर आम्हाला विनयपिटकात सापडले. महावग्गात चीवरांविषयीचा एक खंधक आहे. राजगृहाहून वैशालीला जाताना तथागतांना वाटेत काही भिक्खू दिसले. त्यांच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, खांद्यावर गाठोडे, कमरेवर गाठोडे. एवढा साठा योग्य नाही, याला मर्यादा हवी, असे त्यांना वाटले. पण मर्यादा त्यांनी मनाने ठरवली नाही. वैशालीच्या गौतमक चैत्यापाशी, हिवाळ्याच्या सर्वांत कडक दिवसांत, ते रात्री उघड्यावर बसले. सुरुवातीला अंगावर एक चीवर होते, ते पुरले. पहिला याम संपताना थंडी वाजली, दुसरे घेतले. मधला याम संपताना तिसरे घ्यावे लागले. शेवटच्या यामानंतर, पहाट फुटताना, चौथे. एवढ्यावरून त्यांनी नियम केला तो तीन चीवरांचा: दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. दुपदरी संघाटी धरली तर पदर चारच होतात. जो थंडीने लवकर गारठतो त्याचेही एवढ्यात भागावे, हा विचार त्यामागे होता.

आम्ही हे कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एक तरुण म्हणाला, 'म्हणजे भगवंतांनी प्रयोग केला की!' अगदी बरोबर. शिवाय त्या प्रयोगात प्रवाशाला लागणारे सगळे ज्ञान आहे. थंडी रात्री नऊला मोजायची नसते, पहाटे पाचला मोजायची असते. पारा सर्वांत खाली सूर्योदयाच्या सुमारास असतो. झोपताना 'पुरे झाले एवढे' वाटले तरी पहाटेसाठी एक पदर उशाशी राखून ठेवावा. आणि एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन-चार पातळ पदर बरे, कारण ऊब कापडात नसते, दोन पदरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. चढवता-उतरवताही येतात.

पदर कसे चढवावेत? अगदी आत अंगाला लागून कोरडे बनियन किंवा थर्मल. दिवसभर घातलेले सुती कपडे घामाने ओलसर झालेले असतात. ते झोपण्यापूर्वी बदलावेत, मग कितीही कंटाळा येवो. त्यावर पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट. आमच्या भगिनींना वंदनेसाठी पांढरी साडी हवी असते. ती जरूर नेसावी, पण आत लोकरी किंवा जाड सुरवार, पायात मोजे आणि पोलक्याऐवजी पूर्ण बाह्यांचा पांढरा स्वेटर असावा. शुभ्र वस्त्राचा मान त्याने कमी होत नाही. डोक्याला कानटोपी. मोजे दोन जोड्या निराळे ठेवावेत, एक जोड फक्त झोपण्याचा. महाबोधी विहारात पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि पहाटे तिथली फरशी बर्फासारखी असते. जाड मोजा नसेल तर म्हातारी माणसे पाच मिनिटांत बोधिवृक्षाखालून उठतात. हजार किलोमीटर येऊन पाच मिनिटे! बाहेर पडल्यावर मोजे ओले लागले तर तिथेच बदलावेत.

अंगावर काय घ्यावे हे सगळे विचारतात, अंगाखाली काय घालावे हे कोणी विचारीत नाही. गाडीची सीट आणि पत्रा रात्रभर अंगातली ऊब ओढून घेतात. वरून चार चादरी घेतल्या आणि खाली काही नसले तर पाठ गारठतेच. खाली आधी रिकामी पोती, त्यावर वर्तमानपत्रांच्या घड्या, त्यावर चटई किंवा फोमची पट्टी आणि वर गोधडी. आमच्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक टाचून शिवलेली गोधडी, जिला काही भागांत वाकळ म्हणतात, तीच इथे सर्वांत उपयोगी पडते. गरिबीची खूण म्हणून हल्ली आपली मुले ती माळ्यावर टाकतात आणि दुकानातले चकचकीत ब्लँकेट आणतात. एका यात्रेत तेच ब्लँकेट पांघरलेला पोरगा मध्यरात्री आजीच्या गोधडीत शिरलेला आम्ही पाहिला आहे.

अकरा माणसे बंद गाडीत रात्रभर श्वास टाकतात त्याचे पाणी होते. पहाटे काचांवरून ओघळ वाहतात, टपाच्या पत्र्यातून थेंब पडतात, पांघरुणे दमट होतात आणि मग थंडी दुप्पट वाजते. म्हणून दोन विरुद्ध बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवाव्यात. बाकीच्या काचांना आतून पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे दोन-तीन थर लावावेत. ओली टॉवेले, ओल्या चपला गाडीत घेऊ नयेत, टपावर ताडपत्रीखाली बांधाव्यात. काच उघडी ठेवण्यावरून दर वेळी भांडण होते. 'थंडी आत येते' म्हणून कोणीतरी गुपचूप ती वर करतो. काचेशेजारी समजूतदार माणूस झोपवावा.

आता जे सांगायचे आहे ते घरातल्या सर्वांनी लक्ष देऊन वाचावे. निरक्षर माणसांना वाचून दाखवावे.

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात थंडीत मातीच्या भांड्यात कोळसा, गोवऱ्या किंवा भुसा धुमसत ठेवतात. तिकडे तिला बोरसी म्हणतात, कुठे अंगीठी. चौकाचौकांत लाकडे पेटवलेली असतात, तो अलाव. अलाव उघड्यावर असतो, त्याच्याभोवती बसून अंग शेकावे, गप्पा माराव्यात, गावाची माहिती मिळते. पण बोरसी बंद जागेत आणली की तिच्यातून कार्बन मोनॉक्साईड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. प्रवासात हे सगळे नेहमीचेच म्हणून माणूस झोपतो आणि उठत नाही. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असे मुळीच नाही. निखारे लाल झाले, धूर संपला की लोक बोरसी आत घेतात, आणि त्या वेळीही वायू निघतच असतो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे गेल्याच्या बातम्या येतात.

कुशीनगरला आमच्या गाडीपासून दोन गाड्या सोडून मराठवाड्यातल्या धम्मबांधवांची जीप उभी होती. सायंकाळी आम्ही एकत्र महापरिनिर्वाण विहारात वंदना घेतली होती. उजव्या कुशीवर पहुडलेली ती वीस फुटांची मूर्ती १८७६ च्या उत्खननात तुकड्यांच्या रूपात सापडली आणि जोडून उभी केली गेली, हे आमच्यातल्या एकाने सर्वांना सांगितले. रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्यातली एक आजी लघवीला उठली. परत येताना तिला त्या जीपच्या काचेतून लाल उजेड दिसला. तिने येऊन आम्हाला उठवले. काचा सगळ्या बंद, आत दोन सीटच्या मध्ये घमेल्यात निखारे. दार ठोकले तर आधी कोणी उठेना. मग एका दादांनी अर्धवट दार उघडले आणि रागावले, 'पोरांला थंडी वाजतीय, तुमचं काय जातंय?' मागच्या सीटवर दोन बायका होत्या. एक ओकली होती, दुसरीला हाक मारली तर नीट बोलता येईना. घमेले बाहेर काढले, चारी दारे उघडली, सर्वांना मोकळ्या हवेत आणून बसवले, ११२ वर फोन केला आणि दोघींना रुग्णालयात नेले. तिथे नळीने प्राणवायू दिला. दोघी बऱ्या झाल्या. पोरगा पाच वर्षांचा होता. तो काचेच्या फटीपाशी झोपला होता.

म्हणून नियम एकच. गाडीत निखारा नाही, स्टोव्ह नाही, गॅसची छोटी शेगडी नाही, उदबत्ती आणि मेणबत्तीही नाही. काच उघडी ठेवली तर चालेल का, असे विचारतात. चालणार नाही. हीटरसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवणेही तितकेच वाईट. भाड्याच्या जुन्या गाड्यांचे सायलेन्सर गंजलेले असतात, आणि उभ्या गाडीखालचा धूर फटींतून आत येतो. शेजारी कोणी ट्रक चालू ठेवून झोपला असेल तर आपली गाडी तिथून हलवावी.

मग ऊब कशाची? गरम पाण्याची. ढाब्यावर चहाबरोबर दोन भांडी पाणी उकळून घ्यावे, रबरी पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरावे, वर जाड मोजा चढवावा आणि पोटाशी किंवा मांड्यांमध्ये धरून झोपावे. पहाटेपर्यंत कोमट राहते. मधुमेही माणसाच्या तळव्यांना चटका कळत नाही, त्याच्या पायाशी ही बाटली ठेवू नये.

आणि पोटाची ऊब. रिकाम्या पोटी झोपले तर कितीही पांघरा, थंडी वाजते. शेंगदाण्याचे, तिळाचे लाडू, गूळ, चिवडा घरूनच न्यावा. बाया-माणसे रात्री उठावे लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, त्याने बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी मागे लागते. पाणी प्यावे. रात्री जायचे झाले तर दोघींनी मिळून, हातात टॉर्च घेऊन जावे आणि कोणाला तरी सांगून जावे. धुक्यात वीस पावलांवर गाडी दिसेनाशी होते. गाडीच्या आरशाला पांढरे फडके बांधून ठेवले तर ओळखू येते.

दारूविषयी लिहावे लागते याचे वाईट वाटते, पण काही मंडळी 'थंडीसाठी औषध' म्हणून बाटली बरोबर घेतात. पंचशील घेऊन निघालेल्या यात्रेत पाचव्या शीलाचे काय होते, हे त्यांचे त्यांनी पाहावे. शरीरशास्त्र मात्र सर्वांना सारखे आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता भराभर बाहेर जाते. पिऊन झोपलेला माणूस सर्वांत आधी गारठतो आणि ते त्याला कळतही नाही.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी सांगतो. आम्ही सगळे नोकरी-मजुरी करणारे लोक. मालक आपल्याला कसे राबवतो याच्या तक्रारी आपण करतो आणि यात्रेला निघालो की ड्रायव्हरला रात्री दोनपर्यंत गाडी चालवायला लावतो, मग त्याला स्टिअरिंगवर डोके टेकून झोपायला सांगतो. गाडीतली सर्वांत चांगली आडवी जागा आणि एक पूर्ण गोधडी त्याची. जेवण आपल्याच पंगतीत. सकाळी धुके उठल्याशिवाय त्याला 'चल' म्हणायचे नाही. दहाला निघालो तर दहाला. धुक्यात मोठा दिवा लावला की उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो, खालचा दिवाच ठेवावा लागतो. हे चांगल्या ड्रायव्हरला माहीत असते. मागे बसून त्याला शिकवू नये.

म्हातारी माणसे आणि तान्ही लेकरे यांच्यावर एका माणसाने लक्ष ठेवावे. कुडकुडणे म्हणजे शरीर लढत आहे. पण बोलणे जड झाले, पाय अडखळू लागले, माणूस गप्प-गप्प झाला आणि कुडकुडणेही थांबले, तर ती झोप नव्हे. अंग थंड पडत चालले आहे. ओले कपडे काढावेत, कोरड्या गोधडीत गुंडाळून छाती-पोटाला ऊब द्यावी, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा घोट-घोट पाजावा आणि दवाखाना गाठावा. हातपाय जोरजोराने चोळू नयेत. रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या यात्रेच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि त्या टपावरच्या पेटीत न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवाव्यात.

परमपूज्य बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना सारनाथ आणि कुशीनगरला गेले. प्रकृती पार खालावलेली होती, आधाराशिवाय चालणे कठीण होते. महिन्याभरापूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात ज्यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली ते चंद्रमणी महास्थविर कुशीनगरचेच. आपल्या म्हाताऱ्या माणसांना या वाटेची ओढ का आहे हे त्यामुळे कळते. त्यांना 'थंडी आहे, तुम्ही घरी बसा' असे सांगणे आम्हाला पटत नाही. त्यांच्यासाठी दोन गोधड्या जास्त घ्याव्यात.

बाकी किरकोळ. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, सिंहशीर्ष पाहायचे तर वार पाहून जावे. लुंबिनीला जाणार असाल तर प्रत्येक मोठ्या माणसाचे मतदार ओळखपत्र बरोबर हवे, आणि सोनौलीला गाडीचे भन्सार, म्हणजे नेपाळचा जकात परवाना, काढायला वेळ लागतो. तिथे सकाळी पोहोचावे. महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक लावावा. टायरातली हवा थंडीत कमी होते, दर दोन दिवसांनी पाहून घ्यावी.

घरी परतल्यावर गोधड्या लगेच घडी करून माळ्यावर टाकू नयेत. दोन दिवस कडक उन्हात घालाव्यात, तिकडची ओल आत राहिली तर वास धरतात. टॉर्चमधले सेल काढून ठेवावेत, नाहीतर पुढच्या डिसेंबरपर्यंत ते पाझरतात.